कमी इंधनात चालणारी, भरवशाची गाडी निवडताना

शोरूममध्ये शिरल्यावर बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘किती देते?’ असा, आणि विक्रेताही क्षणाचा विलंब न लावता एक आकडा सांगून मोकळा होतो. प्रश्न रास्त असला तरी त्याचे खरे उत्तर विक्रेत्याजवळ असू शकत नाही. कारण गाडी लिटरमागे किती किलोमीटर जाईल हे ती रोज कोणत्या रस्त्यावर, किती वेळ, किती माणसे घेऊन आणि कोणाच्या पायाखाली चालणार आहे यावर ठरते. भरवशाचेही तसेच आहे. जी गाडी एका घरात दहा वर्षे कुरकुर न करता चालते, तीच दुसऱ्या घरात तिसऱ्या वर्षी गॅरेजची वाट धरते, आणि त्यामागे नशिबापेक्षा गाडी आणि वापर यांची चुकलेली जोडी अधिक वेळा असते. म्हणून गाड्यांची यादी करण्याआधी स्वतःच्या वापराची नोंद करावी, हे माझे पहिले सांगणे आहे. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा हिशेब वेगळ्या अंगाने करावा लागतो, त्यामुळे तो येथे घेतलेला नाही.

आधी वही, मग गाडी

महिनाभर एका वहीत रोजच्या फेऱ्या लिहून काढाव्यात. महिन्याचे एकूण अंतर किती भरले यापेक्षा एकेक फेरी किती किलोमीटरची होती, दिवसातून किती वेळा थंड इंजिन सुरू करावे लागले, सिग्नलला आणि कोंडीत किती वेळ गेला, मोकळ्या रस्त्यावर सलग किती चालवता आले आणि गाडीत सहसा किती जण होते, या गोष्टी निवडीसाठी जास्त उपयोगी पडतात. थंड इंजिनाला पुरते तापेपर्यंत जादा इंधन लागते आणि ऑइल घट्ट असल्यामुळे घर्षणही वाढलेले असते. त्यामुळे तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये कोणतीही पेट्रोल किंवा डिझेल गाडी आपली जाहीर सरासरी गाठू शकत नाही. शिवाय ज्वलनातून तयार होणारे पाणी आणि न जळलेले इंधन थोडे थोडे ऑइलमध्ये उतरत राहते व इंजिन तापलेच नाही तर ते तिथेच साचते, म्हणजे अशा वापरात सरासरी आणि इंजिनाचे आयुष्य ही दोन्ही एकाच वेळी घटतात.

याचा सर्वांत मोठा फटका आधुनिक डिझेल गाड्यांना बसतो. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि साचलेली काजळी जाळून तो साफ होण्यासाठी धूर बराच तापावा लागतो, जे सलग, जरा वेगात चालवल्याशिवाय नीट होत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी केवळ सरासरी चांगली म्हणून डिझेल गाडी घेतली आणि ती घर ते वाचनालय, घर ते भाजी मंडई अशी चालवली. वर्षभरात फिल्टरचा दिवा लागू लागला. गॅरेजवाल्याने त्यांना आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब नेऊन आणायला सांगितले, तेव्हा ‘इंधन वाचवण्यासाठी घेतलेली गाडी आता इंधन जाळायला बाहेर काढायची’ असे सर वैतागून म्हणाले. गाडीत दोष काही नव्हता. ती त्यांच्या फेऱ्यांसाठी बनलेली नव्हती, इतकेच.

लिटरांचा हिशेब

सरासरी ‘लिटरला इतके किलोमीटर’ अशी मोजण्यात एक फसगत दडलेली आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १० किलोमीटर देत असेल तर तिला १,५०० लिटर इंधन लागते. तिच्याऐवजी १२ देणारी घेतली तर १,२५० लिटर लागते, म्हणजे २५० लिटर वाचतात. आता २० देणाऱ्या गाडीऐवजी २५ देणारी घेतली तर ७५० लिटरांच्या जागी ६०० लागतात आणि वाचतात फक्त १५०. फरक पहिल्या जोडीत २ चा आणि दुसरीत ५ चा दिसतो, पण बचत मात्र पहिल्या जोडीत जास्त आहे. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अभ्यासकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच गैरसमज मांडला होता. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागतात असे उलटे माप वापरतात. तुलना करताना आपणही मनातल्या मनात तेच वापरावे.

यातून एक उपयोगी रीत निघते. दोन गाड्यांच्या किमतीतील फरकाला एका लिटर इंधनाच्या भावाने भागावे, म्हणजे तो फरक किती लिटरांएवढा आहे ते कळते. त्याला वर्षाला वाचणाऱ्या लिटरांनी भागले की जादा दिलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील हे निघते. समजा फरक २,००० लिटरांएवढा आहे आणि वर्षाला २५० लिटर वाचणार आहेत, तर आठ वर्षे लागतील. तितकी वर्षे आपण गाडी ठेवणार आहोत का, याचा प्रामाणिक विचार करावा. नव्या गाडीवरचा सर्वांत मोठा खर्च बहुधा इंधनाचा नसतोच. तो गाडीच्या उतरत जाणाऱ्या किमतीचा असतो, फक्त तो रोज खिशातून जात नसल्यामुळे डोळ्यांवर येत नाही. धडधाकट जुनी गाडी केवळ सरासरीसाठी बदलणारे लोक या हिशेबात बहुतेक वेळा तोट्यात जातात.

जाहीर आकडा कसा वाचावा

कंपन्या जो आकडा जाहीर करतात तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. तो खोटा असतो असे नाही, पण तो कोणत्या चाचणीचा आहे हे पाहिल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नये. युरोपातील जुनी एनईडीसी चाचणी सुमारे २० मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती, तिच्यातील सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असे आणि वेग वाढवण्याची पद्धत इतकी संथ होती की प्रत्यक्षात तसे कोणी चालवत नाही. २०१७ पासून तिच्या जागी आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी ३० मिनिटांची व सुमारे २३ किलोमीटरची असून तिच्यात वेग आणि वेगातील चढउतार दोन्ही जास्त आहेत. अमेरिकेतील ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने २००८ च्या मॉडेलांपासून जास्त वेग, वातानुकूलन आणि थंड हवामान यांचाही विचार होईल अशी पद्धत लागू केली, त्यामुळे तिथले आकडे रस्त्यावरच्या अनुभवाच्या अधिक जवळ जातात. एकच गाडी या तीन चाचण्यांत तीन वेगळे आकडे देते, हे लक्षात ठेवावे.

युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांमधील इंधनमापकांची माहिती गोळा करून २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचा प्रत्यक्ष खर्च डब्ल्यूएलटीपीच्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाला. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी आणि मोटार असलेल्या, गाड्यांचा तर तो सरासरी साडेतीन पट निघाला, कारण चाचणीत गृहीत धरले आहे तितक्या नेमाने लोक त्या चार्ज करत नाहीत. रात्री गाडी लावण्याच्या जागी चार्जिंगची सोय नसेल तर प्लग-इन हायब्रिडचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. बॅटरीचे वजन मात्र रोज वाहावे लागते.

गाडीतील ‘सरासरी’ दाखवणारा पडदाही जरा उदारच असतो. माझ्या गाडीत तो एका टाकीला १९.४ दाखवत होता. मी टाकी फुल करून, ट्रिप मीटर शून्यावर आणून, ६१२ किलोमीटर चालवून पुन्हा त्याच पंपावर पहिल्या ‘टक्’ आवाजापर्यंत भरली तेव्हा ३४.२ लिटर बसले, म्हणजे खरी सरासरी १७.९ होती. तेव्हापासून एखादा मालक आपल्या गाडीची सरासरी अभिमानाने सांगू लागला की ती पडद्यावरची आहे की टाकीवरची, एवढे मी आवर्जून विचारतो.

एकाच मॉडेलच्या निरनिराळ्या व्हेरियंटमध्येही फरक पडतो. दिसायला ऐटबाज मोठी चाके आणि रुंद टायर, चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, जादा वजन या सगळ्यांचे मोल इंधनात मोजावे लागते, आणि जाहिरातीत छापलेला आकडा बहुधा सर्वांत हलक्या व्हेरियंटचा असतो. महामार्गावर जास्त जाणाऱ्यांनी गाडीच्या उंचीकडे आणि आकाराकडेही पाहावे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून जास्त आणि १२० ने गेल्यास सव्वादोन पट होतो. उंच, चौकोनी गाडी शहरात फारशी महाग पडत नाही. मोकळ्या रस्त्यावर ती आपला हिशेब चुकता करून घेते.

इंजिन आणि गिअरबॉक्स

एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त ऊर्जा असते आणि डिझेल इंजिन मुळातच काटकसरी असते, त्यामुळे लांबच्या, नियमित प्रवासासाठी ते आजही योग्य ठरते. शहरातल्या थांबत-चालत प्रवासाला मात्र साधी, बाहेरून चार्ज न करता चालणारी हायब्रिड गाडी फार मोठ्या फरकाने सरस आहे, कारण ब्रेक मारताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत परत घेते आणि कोंडीत इंजिन बंद ठेवते. सतत महामार्गावर धावणाऱ्याला हा फायदा फारसा मिळत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असेल तर सरासरी काहीशी उतरणार हे धरून चालावे, आणि गाडी किती टक्के मिश्रणासाठी बनलेली आहे हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

हायब्रिड म्हटले की यंत्रे दोन, म्हणजे बिघाडही दुप्पट, अशी शंका अनेकांना येते. ती सर्वच रचनांना लागू पडत नाही. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसपासून जी रचना चालत आली आहे, तिच्यात नेहमीचा क्लच नसतो, वेगळी स्टार्टर मोटर नसते, अल्टरनेटर नसतो. इंजिन आणि दोन मोटारी एका ग्रहीय गिअरसंचाने कायम जोडलेल्या असतात. झिजणारे भाग त्यामुळे कमीच आहेत. जगभरच्या टॅक्सीवाल्यांनी ही रचना उचलून धरली ती उगीच नव्हे. दिवसभर गाडी पळवून पोट भरणारा माणूस फॅशनसाठी यंत्र निवडत नाही, आणि म्हणून टॅक्सीत जास्त दिसणाऱ्या गाड्यांकडे मी नेहमी आदराने पाहतो.

लहान टर्बो इंजिनांबाबत (ज्यांत जादा हवा दाबून भरून ताकद वाढवतात) माझे मत जरा सावध आहे. हलक्या पायाने चालवली तर ती चांगली सरासरी देतात, पण चढावर, भरलेल्या गाडीत किंवा घाईत टर्बो कामाला लागला की तीच इंजिने मोठ्या इंजिनाइतके इंधन पितात. थेट सिलेंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या पेट्रोल इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर काजळी धरते, कारण त्या झडपांवरून इंधन वाहून जात नाही आणि त्या धुतल्या जात नाहीत. टायमिंगसाठी, म्हणजे झडपांची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवण्यासाठी, साखळी आहे की पट्टा, हेही विचारावे. पट्टा असल्यास तो किती किलोमीटरांनी किंवा किती वर्षांनी बदलायचा हे पुस्तिकेतून पाहावे, कारण तो चालत्या इंजिनात तुटला तर अनेक इंजिनांत झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. काही इंजिनांत हा पट्टा ऑइलमध्ये बुडालेला असतो. तो झिजला तर त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि वंगणच तुटते. असे इंजिन वापरलेल्या गाडीत घेताना ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्या प्रतीचेच बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गिअरबॉक्समध्ये साधा मॅन्युअल सर्वांत कमी खर्चाचा. टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी ऑइलच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा) जुना ऑटोमॅटिक थोडे इंधन जादा घेत असला तरी टिकतो. कोरडे, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेले, क्लच असलेला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर झकास चालतो, पण तासन्‌तास मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रहदारीत त्याचे क्लच तापतात. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलत जाणारा गिअरबॉक्स, घेतल्यास त्याचे ऑइल ‘आयुष्यभराचे’ आहे या आश्वासनावर विसंबू नये.

भरवसा कोठून कळतो

कंपनीचे नाव पाहून भरवसा ठरवणे ही आळशी पद्धत आहे. एकाच कंपनीचे एक इंजिन अजोड आणि दुसरे डोकेदुखी असे सर्रास असते. म्हणून चौकशी मॉडेलच्या नावाने करू नये, ती इंजिन, गिअरबॉक्स आणि निर्मितीचे वर्ष या तिन्हींच्या जोडणीने करावी. अगदी नव्या पिढीचे मॉडेल पहिल्या वर्षात टाळावे, आणि फेसलिफ्टनंतरची, म्हणजे वरवरचे रूप बदललेली, पण यंत्रे जुनीच असलेली गाडी मिळाल्यास ती पसंत करावी. तोपर्यंत सुरुवातीच्या चुका बहुधा निस्तरलेल्या असतात आणि सुटे भागही सगळीकडे पोचलेले असतात.

सर्वेक्षणे जरूर पाहावीत, पण ती काय मोजतात हे समजून घ्यावे. जे. डी. पॉवर या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीचा सुरुवातीच्या दर्जाचा अभ्यास पहिल्या ९० दिवसांतील तक्रारी मोजतो, तर टिकाऊपणाचा अभ्यास तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांचा असतो. दोन्हींमध्ये पडदा, फोनची जोडणी, आवाजी आज्ञा यांच्या तक्रारी मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे खाली घसरलेल्या गाडीचे इंजिन वाईटच असेल असे नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकी ग्राहक संस्था आपल्या सभासदांना इंजिन, गिअरबॉक्स, वीजयंत्रणा अशा विभागांनुसार विचारते, हे अधिक उपयोगाचे आहे. जर्मनीतील एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीच्या नोंदींवरून आकडेवारी काढते, आणि तिच्यात सर्वाधिक वेळा आढळणारे कारण १२ व्होल्टची बॅटरी हे असते.

या सर्वांपेक्षा मला अधिक विश्वास वाटतो तो कोणत्याही एका कंपनीशी बांधलेल्या नसलेल्या मेकॅनिकवर. त्याला ‘कोणती गाडी चांगली?’ असे विचारू नये, कारण तो भिडेखातर काहीतरी सांगतो. ‘या इंजिनाच्या लाखभर किलोमीटर झालेल्या गाड्या तुमच्याकडे कशासाठी येतात?’ असे विचारावे. ‘ऑइल बदलायला आणि ब्रेक पॅडला’ असे उत्तर आले तर ती गाडी यादीत ठेवावी. तो हसला तर काढून टाकावी.

वापरलेली गाडी पाहताना

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी सुरू करून ठेवू नका असे आदल्या दिवशीच सांगावे. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर थंड इंजिनाचे काहीतरी लपवायचे असावे असे समजावे, कारण साखळीचा खडखडाट, निळसर धूर आणि अडखळत सुरू होणे ही लक्षणे थंड असतानाच दिसतात. निळा धूर ऑइल जळत असल्याचा, काळा इंधन जास्त जात असल्याचा, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत शिरत असल्याचा असतो.

किलोमीटरच्या आकड्याची परीक्षा पायाशी करावी. ४०,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचा क्लच पेडलचा रबर गुळगुळीत झिजलेला आणि स्टिअरिंगचे चामडे चकाकणारे असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील २३ वा आठवडा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवर बहुधा त्याची तारीख सापडते, आणि ती गाडीपेक्षा बरीच नवी असेल तर बेल्ट का बदलावा लागला हे विचारावे. अपघातात एअरबॅग उघडल्यावर बेल्टही बदलावे लागतात.

गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचे छोटे स्कॅनर आता कोणालाही वापरता येते. त्यात दोष एकही दिसत नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का हे दाखवणारा ‘रेडिनेस’ हा भाग उघडावा. तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर बॅटरी काढून किंवा दोषांचे कोड पुसून इशाऱ्याचा दिवा नुकताच घालवलेला असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी काही दिवस गाडी चालू द्यावी आणि पुन्हा पाहावी. मालक थंड इंजिन दाखवायला किंवा गाडी मेकॅनिककडे न्यायला तयार नसेल, तर किंमत कितीही मोहक असली तरी नमस्कार करून निघावे.

चालवून पाहणे आणि त्यानंतर

चालवून पाहताना विक्रेत्याने ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्याऐवजी आपल्या नेहमीच्या वाटेने, घरातली माणसे बसवून आणि वातानुकूलन चालू ठेवून जावे. दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना इंजिन धापा टाकते का, उतारावर ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते का, आणि वळून थांबताना गिअरबॉक्स धक्का देतो का, एवढे तरी पाहावे. नवी गाडी असेल तर ताब्यात घेतानाच निर्मितीची तारीख आणि टायरमधली हवा तपासावी.

पहिल्या टाकीवरून काहीच ठरवू नये. तीन-चार टाक्यांची तारीख, किलोमीटर आणि लिटर अशी नोंद त्याच वहीत ठेवावी, आणि ती पुढेही चालू ठेवावी, कारण दुखण्याची पहिली चाहूल दिव्याआधी या वहीत लागते. वापर तोच असताना सरासरी एकाएकी दहा टक्क्यांनी उतरली तर आधी टायरमधली हवा पाहावी, मग इंजिनाचे तापमान नेहमीइतके चढते का ते पाहावे, कारण कूलंटचा प्रवाह ताब्यात ठेवणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन कायम थंडच चालते. तरी कारण सापडले नाही तर सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसे न वापरता, दहा-बारा किलोमीटर चालवून गाडी बाजूला घ्यावी आणि चाकांजवळ, न टेकवता, हात नेऊन पाहावा. चारांपैकी एकाच चाकाची धग जाणवत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसला आहे.